काबुली चण्यांची टीम

शैलाकाकूंच्या घरात बोलण्याचा आवाज फार कमी असायचा, म्हणून बाकीचे सगळे आवाज मला अजून पाठ आहेत. पहाटे बॉयलर एकदम धप्प करून पेटायचा आणि मग पाइपांतून गरम पाणी फिरू लागलं की भिंती आतून कोणीतरी बोटं मोडावीत तशा वाजायच्या. वरच्या मजल्यावर एक म्हातारी बाई आणि तिचा कुत्रा राहायचा. त्याच्या नखांची टिकटिक लाकडी जमिनीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि परत यायची. स्वयंपाकघरात छताला टांगलेली कपडे वाळत घालायची पुली होती. तिची दोरी काकू सोडायच्या तेव्हा ती कुरकुरत खाली यायची, आणि ओले कपडे घेऊन वर जाताना त्याहून जास्त कुरकुरायची. ग्लासगोत बाहेर कपडे वाळवायचे दिवस वर्षातून थोडेच. त्यामुळे आमचा स्वयंपाक कायम कोणाच्या तरी ओल्या कपड्यांखाली व्हायचा. कधी त्यांच्या, कधी माझ्या. वेगवेगळ्या वेळी, अर्थात. काकू सहा वाजता ट्रे घेऊन पुढच्या खोलीत जायच्या. मी सातनंतर माझा कुकर लावायचो.

मी चोपड्याचा. आप्पा जिनिंग फॅक्टरीत फिटर होते आणि आई जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. आमच्या घरात नावापुढे पदवी लावणारा मी पहिला, आणि सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला जाणारा आमच्या गल्लीतला पहिला. निघायच्या दिवशी कॉलेजचे प्राचार्य स्वतः स्टँडवर आले होते. त्या सगळ्यांच्या उपकाराचं ओझं मी आनंदानं घेऊन आलो होतो, आणि म्हणूनच तिकडे मला करमत नाही हे सांगायची मला सोय नव्हती. आईचा फोन आला की मी सांगायचो, इथे सगळं फार छान आहे. छान होतंच. रस्ते छान, लायब्ररी छान, माणसं हसून बोलणारी. ती जाता जाता ‘कसा आहेस?’ विचारायची आणि मी थांबून उत्तर द्यायला लागलो की दहा पावलं पुढे गेलेली असायची. शुक्रवारी संध्याकाळी लॅब बंद झाली की सोमवार सकाळपर्यंत माझं कोणाशी बोलणं व्हायचं नाही. स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मी पाकिटांवर छापलेला मजकूर मोठ्यानं वाचायचो. कॉर्नफ्लेक्समध्ये काय काय असतं ते मला अजून सांगता येईल.

काकू मूळच्या पुण्याच्या. ग्लासगोतल्याच एका हॉस्पिटलात त्यांनी उभा जन्म नर्सची नोकरी केली, बराचसा ऑपरेशन थिएटरमध्ये. त्यांचे यजमान डॉक्टर होते. ते जाऊन वर्ष झालं होतं. घरात कुणीतरी असावं म्हणून त्यांनी मागची खोली भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि आमच्या एका सरांच्या बहिणीच्या ओळखीनं ती मला मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी मला फ्रिजचा खालचा कप्पा दाखवला, गरम पाण्याचं बटण दाखवलं आणि म्हणाल्या, ‘माझा काही त्रास होणार नाही तुला.’ मीही म्हणालो, ‘माझाही होणार नाही.’ दोघांनी दोन महिने तो शब्द काटेकोर पाळला. आता विचार करतो तेव्हा वाटतं, एका घरात दोन माणसं इतक्या सभ्यपणे एकटी राहिल्याचं दुसरं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

एका रविवारी संध्याकाळी पुढच्या खोलीतून गर्दीचा आवाज यायला लागला. मैदानावरचा, हजारो माणसांचा. तो आवाज ऐकून मला आमच्या जत्रेतल्या कबड्डीची आठवण झाली आणि पाय आपोआप तिकडे वळले. दार अर्धं उघडं होतं. काकू सोफ्याच्या अगदी कडेला, पाठ ताठ ठेवून, परीक्षेला बसल्यासारख्या बसल्या होत्या. टीव्हीवर हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी एकमेकांवर आदळत होते, मग शिट्टी व्हायची, मग सगळे उभे राहून गप्पा मारायचे, मग परत आदळायचे.

‘ये ना, बस,’ काकू म्हणाल्या.

‘काकू, हे काय आहे?’

‘अमेरिकन फुटबॉल म्हणतात याला.’

‘कसा असतो?’

‘मला काय ठाऊक? सलिल बघतो, म्हणून मी बघते.’

सलिल म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. जन्मला, वाढला ग्लासगोत आणि आता ओहायोत राहत होता. वडील गेले तेव्हा आठवडाभर येऊन गेला. त्या आठवड्यात संध्याकाळी करायचं काय म्हणून त्यानं खेळांचा चॅनल सुरू करून घेतला. तो गेला, चॅनल राहिला. बंद कसा करायचा ते काकूंना माहीत नव्हतं, आणि मला वाटतं त्यांना तो बंद करायचाही नव्हता. हिरव्या हेल्मेटची टीम ती त्याची, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

मॅच अर्ध्यावर थांबली आणि दोन मिनिटांत पॅसेजमधला फोन वाजला. सलिल दर रविवारी मध्यंतरातच फोन करायचा. काकू लगबगीनं उठल्या. मी उठून जाणार तेवढ्यात त्यांचं बोलणं सुरूही झालं होतं, आणि दारात त्याच उभ्या असल्यामुळे मला बाहेर पडता येईना.

‘जेवलास का? ... काय जेवलास? ... थंडी आहे का रे तिकडे? ... बरं. कामाचं कसं चाललंय? ... हो, हो, सुरू होईल तुझी मॅच. ठेवते.’

त्या परत येऊन त्याच जागी बसल्या. मी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या, ‘त्याला घाई असते.’ थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, ‘मला विचारायला काही सुचत नाही रे दुसरं. या खेळातलं काही कळलं असतं ना, तर त्याच्याशी बोलता तरी आलं असतं.’ मग माझ्याकडे वळून, आपण काही फार मोठं मागत असल्यासारख्या ओशाळून म्हणाल्या, ‘तू इंजिनिअर आहेस. शिवाय तू ते कबड्डी का काय खेळायचास ना? तुला कळेल. शिकव मला.’

मी तालुक्याच्या संघात डावा कोपरा सांभाळायचो, हे मी त्यांना खोली बघायला आलो त्या दिवशी, काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की मी लगेच हो म्हणालो. इंटरनेटवर शोधावं, लायब्ररीतून पुस्तक आणावं असं माझ्या मनातही आलं नाही. खेळ म्हणजे खेळ, बघून कळणारच, असा माझा विश्वास होता. पुढचे काही रविवार आम्ही सोफ्यावर शेजारी बसून मॅच बघितली आणि मी ती काकूंना कबड्डीच्या हिशेबानं समजावून सांगितली. दोन बाजू, मधे रेषा, एकाच्या अंगणात दुसऱ्यानं घुसायचं. घुसणाऱ्याला धरून पाडायचं. इथपर्यंत सगळं चोख बसत होतं. एकच गोष्ट कळत नव्हती. तीन-चार वेळा आदळाआपट झाली की एक अख्खी टीम माना खाली घालून मैदानाबाहेर जायची आणि तेच कपडे घातलेले दुसरे अकरा जण पळत आत यायचे. मी विचार केला आणि मला उत्तर मिळालं. कबड्डीत एका बाजूचे सगळे गडी बाद झाले की त्यांच्यावर लोण चढतं. समोरच्यांना जादा गुण मिळतात आणि बाद झालेले सगळे पुन्हा जिवंत होऊन आत येतात. हे तेच होतं. काकूंना ते लगेच पटलं. त्यानंतर हिरवे गडी बाहेर जायला लागले की त्या हळहळून म्हणायच्या, ‘चढलं गं बाई लोण!’

अशाच एका रविवारी फोन वाजला तेव्हा काकूंनी जेवणाचं विचारलंच नाही.

‘अरे सलिल, आज किती लोणं चढली रे तुमच्यावर!’

पलीकडून काहीतरी प्रश्न आला.

‘लोण. सगळे बाद झाले ना तुमचे? एकदा नाही, सारखे सारखे. मग ते पुन्हा जिवंत होऊन आले.’

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. काकूंनी घाबरून माझ्याकडे बघितलं. मग रिसीव्हरमधून असं हसू फुटलं की ते मला सोफ्यावर बसल्या जागी ऐकू आलं. मोठ्या माणसाचं, पोट धरून हसलेलं हसू. काकू रिसीव्हर कानापासून दूर धरून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बघून मला कळेना की त्यांना वाईट वाटलं की बरं.

‘तो विचारतोय हे कोणी शिकवलं,’ त्या मला म्हणाल्या. ‘थांब हं सलिल, त्यालाच विचार.’ आणि त्यांनी फोनचं स्पीकरचं बटण दाबलं.

‘हाय! तू तो भाडेकरू ना? दिगंबर?’

‘हो, सलिलदादा.’

‘यार, कोणी बाद नाही झाला. कोणी मरत नाही, कोणी जिवंत नाही होत. ते दुसरा सेट आहे. सेम टीम, पण अटॅक करणारे लोक वेगळे आणि डिफेन्सचे वेगळे. बॉल गेला की चेंज. आई, तू ऐकते आहे ना?’

‘ऐकतेय, ऐकतेय,’ काकू म्हणाल्या.

‘मग लोण पण नाही?’ मी विचारलं.

‘नो लोण,’ तो म्हणाला आणि पुन्हा हसायला लागला. त्या दिवशी मध्यंतर संपलं, मॅच पुन्हा सुरू झाली, तरी त्यानं फोन ठेवला नाही.

तिथून आमचं खरं शिक्षण सुरू झालं. काकूंनी जेवणाच्या ट्रेवर पांढरा नॅपकिन अंथरला. त्यावर अकरा काबुली चणे म्हणजे आपली टीम, समोर अकरा राजमे म्हणजे त्यांची. बॉल म्हणून एक बेदाणा, कारण तोही तसाच दोन्हीकडून निमुळता. सलिलदादा तिकडून सांगायचा आणि मी ट्रेवर मांडायचो. चार संधी मिळतात. त्या चारांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा नव्या चार. तीन संधींत जमलं नाही तर शहाणी टीम चौथ्यांदा बॉल लांब लाथाडून देते. ‘देऊनच टाकतात?’ काकूंनी विचारलं. ‘देतात, पण लांब देतात,’ सलिलदादा म्हणाला, ‘म्हणजे त्यांना लांबून यावं लागेल.’ मधोमध क्वार्टरबॅक, म्हणजे डोकं. तो बॉल घेतो आणि ठरवतो, कोणाच्या हातात द्यायचा की लांब फेकायचा. त्याच्या मागे धावणारा, रनिंग बॅक. दोन्ही टोकांना पळून जाऊन बॉल झेलणारे. पळणाऱ्याच्या हातात बॉल देण्याचं सोंग करायचं आणि समोरचे सगळे तिकडे धावले की हळूच लांब फेकायचा, हीसुद्धा एक युक्ती. ‘लबाडच आहेत,’ असं म्हणत काकू खूश झाल्या. आणि या सगळ्यांच्या पुढे, खांद्याला खांदा लावून, पाच जाडजूड चणे.

‘हे लाइनमन,’ सलिलदादा म्हणाला. ‘मधला तो सेंटर, तो पायातून बॉल मागे देतो. त्याच्या दोन बाजूला दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. दिगू, तू कबड्डीमध्ये पकडायचा ना? इथे ते विसर. लाइनमध्ये पकडला की पेनल्टी. फक्त ढकलायचं. हात आतून, छातीवर, अंगठे वर. पाय छोटे छोटे. मोठा पाऊल टाकला की तू गेला.’ बाकीच्या जागांबद्दल तो दोन-दोन वाक्यं बोलायचा. या पाच जणांबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही.

मला तरी ते पाच काय करतात ते नीट समजेना. सारं आयुष्य मी पकडत आलो होतो. ढकलून उपयोग काय? काकूंना मात्र एका क्षणात कळलं. ‘अरे, हे थिएटरसारखं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘हा तुमचा क्वार्टरबॅक म्हणजे सर्जन. त्याच्या हाताला धक्का लागता कामा नये. मग आम्ही असे उभे राहायचो, दोन्हीकडून. आमच्याकडे कोण बघतंय?’

‘एक्झॅक्टली, आई,’ फोनमधून आवाज आला. ‘बरोब्बर.’

काकूंनी त्या रात्री मला जेवायलाच बसवलं. त्यांच्या आमटीत गूळ असायचा आणि मी खानदेशी, तिखटाचा भोक्ता, पण मी दोनदा वाढून घेतली. मग तीच रीत पडली. रविवारी मी शेवभाजी करायचो, त्या बटाट्याचे स्कॉटिश स्कोन तव्यावर भाजून त्यावर लसणाची चटणी घालायच्या. आता मी इंग्लंडमध्ये मेडनहेडला राहतो, आणि घरात ते स्कोन अजून करतो. माझ्या मुली नाक मुरडतात आणि तीन-तीन खातात.

डिसेंबर लागला. साडेतीनलाच अंधार पडू लागला. आमचे रविवार चांगले चालले होते, मी तर आठवडाभर रविवारचीच वाट बघायचो. पण एक गोष्ट हळूहळू बदलत गेली. सलिलदादा फोन करायचा आणि विचारायचा, ‘दिगू आहे का? दे त्याला.’ माझ्या चुका, माझे कबड्डीचे प्रश्न त्याला आवडायचे. मी त्याच्याशी बोलायचो आणि काकू चण्यांचा ट्रे मांडीवर धरून ऐकायच्या. सुरुवातीला त्या मधे काही विचारायच्या. मग विचारेनाशा झाल्या. फोन संपला की म्हणायच्या, ‘बरा आहे ना आवाज त्याचा?’ जणू बोलणं माझ्या घरच्या कोणाचं झालं होतं.

एकदा मधल्याच वारी, गुरुवार असावा, आम्ही स्वयंपाकघरात होतो. काकू पुलीवर चादरी टाकत होत्या, मी दोरी धरून उभा होतो. मी सहज विचारलं, ‘काकू, सलिलदादा स्वतः खेळायचे ना पूर्वी? इतकं बारीक माहीत आहे त्यांना. कुठल्या जागी खेळायचे?’

त्यांचे हात चादरीवरच थांबले.

‘मला नाही माहीत,’ त्या म्हणाल्या.

चादर नीट करून झाली. मी दोरी ओढली. पुली वर गेली. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि मला जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. सलिल शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना इथल्याच एका क्लबात खेळायचा. डॉक्टरांना ते मुळीच पसंत नव्हतं. त्यानं मेडिसिनला जावं असं त्यांच्या मनात होतं. एकदा खांद्याचं हाड मोडून घरी आला, तेव्हा डॉक्टरांनी ते स्वतः बांधलं आणि खेळ बंद केला. सलिल बंद करेना. घरात दोघांचं बोलणं बंद झालं. काकूंनी त्याचे चिखलाचे कपडे नवऱ्याच्या नजरेआड धुतले, याच पुलीवर वाळवले, पण मैदानावर एकदाही गेल्या नाहीत. ‘गेले असते तर ह्यांच्याविरुद्ध गेले असं झालं असतं. आणि घरी विचारलं असतं तर ह्यांच्यासमोर विषय निघाला असता. म्हणून मी जेवलास का, एवढंच विचारायचे.’ सलिल मेडिसिनला गेलाच नाही, अमेरिकेला गेला. पुढे बापलेक बोलायला लागले, पण नावापुरतं. ‘आणि मला अजून माहीत नाही की माझा मुलगा कुठे उभा राहायचा.’

‘आता विचारा की.’

‘इतक्या वर्षांनी? म्हणेल, आता कशाला?’ मग एकदम म्हणाल्या, ‘तू विचार. तुझ्याशी मोकळं बोलतो तो. मी बाजूला बसून ऐकेन.’

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मोठ्या माणसांना नाही म्हणायची मला सवय नव्हती. त्यातून काकूंना तर नाहीच. आणि खरं सांगायचं तर तो फोन, तो ‘दिगू आहे का’ हा आवाज, आठवड्यातून एवढा एकच आवाज मला नावानं हाक मारणारा होता. पण मी म्हणालो, ‘काकू, मी विचारलं तर ते मला सांगतील. तुम्हाला नाही.’

त्या उठून गॅसवरचं दूध बघायला गेल्या.

‘या रविवारी मी बाहेर जाणार आहे,’ मी म्हणालो. ‘विचारलं तर सांगा, दिगू घरी नाही.’

‘कुठे जाणारेस? या थंडीत?’

‘जाईन कुठेतरी.’

‘मला एकटीला नाही जमायचं रे.’

‘सगळी टीम मांडता येते तुम्हाला आता. माझ्यापेक्षा चांगली.’

रविवारी मी मॅच सुरू व्हायच्या आधीच कोट घालून बाहेर पडलो. जायला जागा नव्हती. लायब्ररी बंद, दुकानं बंद होत आलेली. मी नदीच्या बाजूनं चालत गेलो, बारीक पाऊस होता, तो तिकडे पाऊस म्हणून कोणी मोजत नाही. एका बसस्टॉपवर बसलो. माझी बस नव्हती तरी प्रत्येक बस माझ्यासाठी थांबायची आणि ड्रायव्हर दार उघडून बघायचा. मला लाज वाटून मी उठलो आणि पुन्हा चालायला लागलो. उजेड असलेल्या खिडक्यांतून लोक दिसत होते. कोणी ताटं मांडतंय, कोणी मुलाचे केस पुसतंय. चोपड्यात कोणाच्या घरात बघायला खिडकीपर्यंत जावं लागत नाही, सगळं ओट्यावरच चाललेलं असतं आणि जाणाऱ्याला हाक मारून बोलावतात. मला त्या संध्याकाळी जितकं एकटं वाटलं तितकं त्या वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी वाटल्याचं आठवत नाही. तरी परत फिरावंसं वाटलं नाही.

मध्यंतर होऊन बराच वेळ गेला असेल असा अंदाज बांधून मी परतलो. जिना चढून दाराशी आलो, किल्ली काढली, आणि आतून काकूंचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. फोन दाराच्या लगतच होता, मी दार उघडलं असतं तर थेट त्यांच्यासमोरच उभा राहिलो असतो. मी किल्ली खिशात टाकली आणि जिन्याच्या पायरीवर बसलो. दगडी पायरी, बर्फासारखी. काकूंचा आवाज थांबायचा, बराच वेळ काही नाही, मग पुन्हा सुरू व्हायचा. तो इतका हळू आवाज होता की मला तो ऐकतोय याचाच संकोच वाटायला लागला, म्हणून मी आणखी चार पायऱ्या खाली जाऊन बसलो.

वरच्या मजल्यावरची म्हातारी कुत्र्याला फिरवून आणत होती. ‘किल्ली विसरलास का, पोरा?’ तिनं विचारलं.

‘नाही. त्या फोनवर आहेत. मुलाशी बोलतायत.’

‘अमेरिकेतल्या?’

‘हो.’

‘मग बस बाबा,’ ती म्हणाली, आणि कुत्र्याची साखळी आखडून घेऊन, त्याची नखं वाजू नयेत म्हणून असेल, त्याला उचलून वर घेऊन गेली. चांगलाच जड कुत्रा होता.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. दार काकूंनीच उघडलं. मला पायरीवर बसलेला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ‘ये आत. गारठलास,’ एवढंच म्हणाल्या. डोळे लाल होते पण आवाज नेहमीचा होता. पुढच्या खोलीत टीव्ही मुका चालू होता, हिरवे आणि दुसरे कोणीतरी अजून आदळत होते. ट्रे सोफ्यावर होता. चणे, राजमे सगळे आपापल्या जागी मांडलेले.

‘विचारलंत?’

‘विचारलं. आधी काही बोललाच नाही. मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाला, आई, हे तू मला पहिल्यांदा विचारते आहे.’ त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. ‘मग बोलतच राहिला. मी नुसतं हं हं म्हणत होते.’

त्या सोफ्यावर बसल्या आणि ट्रे ओढून घेतला.

‘डावा गार्ड. म्हणजे यातला कुठला रे? सेंटर हा ना?’

‘हो. त्याच्या डाव्या अंगाचा. हा.’

त्यांनी चण्याला हात लावला नाही. बोट त्याच्या शेजारी नॅपकिनवर टेकवून ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

‘याच्या हातात बॉल येतो कधी?’

‘नाही, काकू.’

‘मग बॉलमागे पळतो?’

‘नाही. बॉल तर त्याच्या मागे असतो. बॉलकडे त्याची पाठच असते. तो फक्त समोरच्याला आत येऊ देत नाही.’

टीव्हीवरची मॅच संपून जाहिराती लागल्या.

‘हे नेहमी म्हणायचे,’ त्या शेवटी म्हणाल्या, ‘पोरगा एका बॉलमागे पळून सगळं आयुष्य घालवणार. मलाही तेच वाटायचं.’ बोट अजून तिथेच होतं. ‘आणि तो पळतच नव्हता रे. तो उभा होता.’